परसातील कोंबडी : नाशिकच्या हवामानात कोणती जात निवडावी?

नाशिक जिल्ह्याचे हवामान असे एकवचनी म्हणण्याची सोय नाही. इगतपुरी आणि त्र्यंबकेश्वरच्या घाटमाथ्यावर पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस कोसळतो. तेथून शंभर-सव्वाशे किलोमीटर पूर्वेला मालेगाव, नांदगाव, येवला या भागांत तो पाचशे-सहाशे मिलिमीटरवरच थांबतो आणि एप्रिल-मेमध्ये पारा बेचाळीस-त्रेचाळीस अंशांवर जातो. या दोहोंच्या मधे निफाड आहे. तेथील कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात नोंदवले जाणारे किमान तापमान दर हिवाळ्यात वृत्तपत्रांतून झळकते, आणि द्राक्षबागायतदार पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात. नाशिक शहर या तिन्हींचा थोडाथोडा अनुभव घेते.

मखमलाबाद, आडगाव, पाथर्डी किंवा त्र्यंबक रस्त्याकडेच्या बंगल्यांत, तसेच शहरालगतच्या छोट्या शेतघरांत दहा-पंधरा कोंबड्या पाळण्याची हौस अलीकडे वाढली आहे. घरची अंडी मिळावीत, स्वयंपाकघरातले उरलेसुरले वाया जाऊ नये, मुलांना काही पाहायला मिळावे, असे साधे हेतू त्यामागे असतात. मात्र जात निवडताना बहुतेक जण एकच प्रश्न विचारतात, तो म्हणजे वर्षाला अंडी किती? पत्रकांत छापलेले आकडे चांगल्या व्यवस्थापनातले असतात. त्यांत मे महिन्यातली दुपार नसते, श्रावणातले ओले तूस नसते. आपल्याकडच्या सर्वांत वाईट महिन्यात ही कोंबडी कशी तगेल, हा प्रश्न आधी विचारावा आणि अंड्यांचा नंतर, असे आमचे मत आहे.

उष्णता हीच खरी परीक्षा

कोंबडीच्या शरीराचे तापमान एकेचाळीस-बेचाळीस अंश सेल्सिअस असते आणि तिला घामग्रंथी नसतात. शरीरातली उष्णता बाहेर टाकण्याचे तिचे मार्ग मोजकेच आहेत : तुरा आणि गालांखाली लोंबणारी लाल कातडी, पिसे नसलेले पाय, आणि चोच उघडी ठेवून धापा टाकणे. हवा बत्तीस अंशांच्या वर गेली की ती धापा टाकू लागते, पंख अंगापासून दूर धरते, खाद्य कमी करते. धापांबरोबर शरीरातला कर्बवायू प्रमाणाबाहेर निघून जातो, रक्तातील कार्बोनेटचे प्रमाण घटते आणि अंड्याचे कवच पातळ होते. उन्हाळ्यात अंडी हातातच फुटतात, त्याचे कारण बहुधा हे असते. केवळ चुन्याची कमतरता नव्हे. पारा चाळीसच्या पुढे गेला आणि वारा पडला, तर सुदृढ दिसणारी कोंबडीही दुपारच्या दोन तासांत दगावते.

येथे जातीचा फरक पडतो. देह जितका जड, तितके वजनाच्या मानाने त्वचेचे क्षेत्र कमी, आणि उष्णता बाहेर पडणे अवघड. म्हणून उन्हाळ्यात पहिला बळी जातो तो भरदार, मांसल पक्ष्याचा. याउलट थंडीला प्रौढ कोंबडी फारशी भीत नाही. पिसे फुगवून, एकमेकींना बिलगून ती निफाडची पहाटही काढते. कोरडे अंग आणि आडोसा एवढे मिळाले की पुरते. पिलांची गोष्ट निराळी आहे, तिच्याकडे पुढे येऊ.

गावरान म्हणजे काय

आपण जिला गावरान म्हणतो ती एक जात नव्हे. गावोगावी पिढ्यानपिढ्या मोकळ्यावर वाढलेल्या, रंगाने काळ्या, तांबड्या, कवड्या, अशा मिश्र वाणांचा तो समूह आहे. वजन सव्वा ते दीड किलो, अंडी वर्षाला साठ ते ऐंशी, तीही लहान, पस्तीस-चाळीस ग्रॅमची. आकड्यांच्या स्पर्धेत ती शेवटी येते. तिची गुणवत्ता आकड्यांबाहेरची आहे. ती हलकी असल्याने ऊन सोसते. घार दिसताच झुडपात शिरते, तिन्हीसांजेला झाडावर चढते. उकिरडा, गोठा, कांद्याच्या चाळीभोवतीचे किडे यांवर निम्मेअधिक पोट भरते. मुख्य म्हणजे ती खुडूक बसते. दहा-बारा अंड्यांवर एकवीस दिवस निष्ठेने बसून पिले काढते आणि दीड-दोन महिने त्यांना पंखाखाली सांभाळते.

खुडूक बसण्याची ही सवय अंड्यांचा हिशेब करणाऱ्याला दोष वाटते, कारण त्या काळात कोंबडी अंडी देत नाही. संशोधन केंद्रांनी निवड पद्धतीने ती सुधारित जातींतून जवळपास काढून टाकली आहे. परिणामी अशी कोंबडी पाळणारा प्रत्येक वेळी नवी पिले विकत आणण्यास बांधला जातो. ज्याला विजेवरचे उबवणी यंत्र ठेवायचे नाही, त्याने कळपात निदान दोन गावरान कोंबड्या ठेवाव्यात. दुसऱ्या जातीची अंडीही त्या बिनतक्रार उबवतात.

जाता जाता एक सावधगिरी. शहरातील दुकानांत गावरान म्हणून विकली जाणारी तपकिरी अंडी अनेकदा पिंजऱ्यातील संकरित तपकिरी कोंबड्यांची असतात. कवचाचा रंग जातीवर ठरतो, मोकळ्या फिरण्यावर नव्हे. बलकाचा गर्द पिवळा रंग हिरव्या पाल्यावर आणि मक्यावर अवलंबून असतो.

सुधारित जाती : गिरिराज, वनराज, ग्रामप्रिया

महाराष्ट्रात परसातल्या सुधारित कोंबडीचे नाव घेतले की पहिल्यांदा गिरिराज आठवते. बंगळुरू येथील कृषी विद्यापीठाच्या हेब्बाळ केंद्रात ती विकसित झाली आणि १९८९ मध्ये प्रसारित करण्यात आली. रंगीबेरंगी पिसे गावरानासारखी दिसतात, वाढ मात्र झपाट्याची. नर तीन किलोंच्या पुढे सहज जातो. अंडी वर्षाला एकशे तीस ते दीडशे, वजनाने पन्नास ग्रॅमच्या वर. मांस आणि अंडी दोन्ही हवी असणाऱ्यांना ती पसंत पडते. तिचे वजन हीच तिची अडचणही आहे. मालेगावच्या उन्हात ती लवकर हार मानते, आणि जड असल्याने कुत्र्यामांजराच्या तावडीतून उडून सुटू शकत नाही.

वनराज आणि ग्रामप्रिया या हैदराबादच्या राजेंद्रनगर येथील केंद्रीय कुक्कुट संशोधन संस्थेच्या जाती. त्या काळी तिचे नाव कुक्कुट प्रकल्प संचालनालय होते. २०१३ पासून ती कुक्कुट संशोधन संचालनालय म्हणून ओळखली जाते. दोघींचा उगम एकाच संस्थेत असला, तरी प्रकृती वेगळी. वनराज दुहेरी उपयोगाची, लांब पायांची, गिरिराजच्या वळणाची आहे; परसात तिच्याकडून शंभर-एकशे दहा अंड्यांची अपेक्षा ठेवावी. ग्रामप्रिया मुख्यतः अंड्यांसाठी आहे. देह तुलनेने हलका, अंडे तपकिरी आणि सत्तावन्न-साठ ग्रॅमपर्यंत भरणारे, आणि परसातही वर्षाला एकशे साठ ते एकशे ऐंशीपर्यंत अंडी. हलका देह आणि अधिक अंडी हे दोन्ही एकत्र हवे असतील, तर नाशिकच्या मध्यम पट्ट्यासाठी ग्रामप्रिया सर्वांत समंजस निवड ठरते. केंद्रीय कुक्कुट विकास संघटनेच्या बंगळुरू केंद्रातील कावेरी ही त्याच प्रकारात मोडते.

या सगळ्या जातींबाबत एक गोष्ट विक्रेते सहसा सांगत नाहीत. त्या संकरातून तयार झालेल्या आहेत. त्यांच्या अंड्यांतून घरी निघालेली पिले आईबापांसारखी निघत नाहीत. कोणी वजनात कमी, कोणी अंड्यांत कमी, आणि दुसऱ्या-तिसऱ्या पिढीत लाभ विरून जातो. शिवाय सुधारित कोंबडे मोकळे सोडले की गावातील मूळ गावरान वाणात ते मिसळतात. हलकेपणा, चपळाई, खुडूक बसण्याचा गुण हे शतकानुशतके टिकलेले गुण अशा मिश्रणात नकळत पातळ होतात. ज्याच्याकडे चांगला गावरान कळप आहे, त्याने सुधारित माद्या जरूर आणाव्यात, पण कोंबडा गावरानच ठेवावा.

कडकनाथ आणि असील

मध्य प्रदेशातील झाबुआ, अलिराजपूर, धार या आदिवासी पट्ट्यातील कडकनाथला तिकडे कालामासी म्हणतात. त्वचा, मांस, हाडांवरील आवरण, अवयव, सारे काळसर, कारण ऊतींमध्ये मेलॅनिन नावाचे रंगद्रव्य साठते. अंडे मात्र काळे नसते; ते फिकट तपकिरी वा मलईच्या रंगाचे असते. झाबुआच्या कडकनाथ मांसाला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. कोंबडा दीड किलो, कोंबडी किलोभर, अंडी ऐंशी ते शंभर. झाबुआचे हवामान खानदेशाशी मिळतेजुळते, कोरडे, उन्हाळ्यात होरपळवणारे आणि हिवाळ्यात गारठणारे आहे. त्यामुळे नांदगाव-येवल्यासारख्या भागात ही जात हवामानापुरती तरी बिनधोक आहे. पण ती चांगली खुडूक बसत नाही. तिची अंडी गावरान कोंबडीखालीच उबवावी लागतात.

हवामान सोडून दुसरा धोका पैशांचा. कडकनाथच्या औषधी गुणांविषयी अफाट दावे केले गेले आणि त्यांवर गुंतवणुकीच्या योजना उभ्या राहिल्या. पिले घ्या, वाढवा, अंडी आणि पक्षी आम्हीच चढ्या दराने परत घेऊ, असे त्यांचे स्वरूप होते. २०१९ मध्ये सांगली जिल्ह्यातील इस्लामपूर येथून चालणारी अशी एक योजना कोसळली आणि अनेक जिल्ह्यांतील शेतकऱ्यांचे पैसे बुडाले. कोंबडीचा यात काही दोष नव्हता. घरच्या चार-सहा कडकनाथ पाळायला हरकत नाही. परतखरेदीच्या हमीवर चारशे पाळणे हा वेगळा व्यवहार आहे.

असील ही आंध्र, छत्तीसगड, ओडिशाची झुंजार जात. उंच, ताठ, तीन-चार किलोंचा कोंबडा. जड असूनही ती उन्हात बऱ्यापैकी तगते, कारण पिसे आखूड आणि अंगाला घट्ट चिकटलेली असतात. कोंबडी उत्तम खुडूक बसते, पिलांसाठी मांजरावरही धावून जाते. अंडी मात्र फारच थोडी, आणि दोन कोंबडे एकत्र ठेवले की रक्तपात ठरलेला. कोंबड्यांच्या झुंजी लावणे १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे, हे नव्या हौशी लोकांना सांगावे लागते.

बाहेरून आलेल्या जाती

ऱ्होड आयलंड रेड आणि ब्लॅक ऑस्ट्रेलॉर्प या दोन विदेशी जाती आपल्याकडे अनेक दशके रुळल्या आहेत. दोन्ही शांत, दोन्ही दुहेरी उपयोगाच्या, दोन्हींचे अंडे तपकिरी. चांगल्या निगराणीत ऱ्होड आयलंड रेड वर्षाला दोनशेच्या आसपास अंडी देते. ऑस्ट्रेलॉर्पच्या काळ्याभोर पिसांना नाशिकची थंडी मानवते, मात्र उघड्या उन्हात ती तापतात; दाट सावली नसेल तर तिच्या नादी लागू नये. पांढरी लेगहॉर्न अंड्यांत सर्वांच्या पुढे, अडीचशेच्या वर. देहाने हलकी, मोठ्या तुऱ्याची, म्हणजे उष्णतेला तशी योग्य. पण ती भित्री, संतुलित खाद्यावर अवलंबून, आणि पांढऱ्या रंगामुळे घारीच्या नजरेत पटकन भरणारी आहे. परसापेक्षा ती बंदिस्त शेडलाच शोभते.

उष्ण प्रदेशासाठी मुद्दाम घडवलेल्या जातींचा उल्लेख केल्याशिवाय हा आढावा अपुरा राहील. बरेलीजवळच्या इज्जतनगर येथील केंद्रीय पक्षी संशोधन संस्थेने देशी वाणांतील दोन विलक्षण गुण हेरले. काही कोंबड्यांच्या मानेवर पिसेच नसतात. तो अनुवंशिक गुण अंगावरील एकूण पिसेही कमी करतो. काहींची पिसे उलटी वळलेली असतात, त्यामुळे हवा थेट त्वचेपर्यंत पोहोचते. पहिल्या गुणावर हितकारी आणि दुसऱ्यावर उपकारी ही जात बेतली आहे. असीलपासून निर्भीक आणि कडकनाथपासून श्यामा याच संस्थेने काढल्या. दिसायला उघड्या मानेची कोंबडी कोणाला रुचत नाही, हे तिचे दुर्दैव. मालेगावात तिच्यासारखी शहाणी कोंबडी नाही. या जातींची पिले मात्र मागवून घ्यावी लागतात.

तालुक्यानुसार विचार

इगतपुरी, त्र्यंबकेश्वर, पेठ, सुरगाणा या पट्ट्यात शत्रू ऊन नव्हे, ओल आहे. चार महिने खुराड्यातील तूस सुकत नाही, त्यातून अमोनियाचा उग्र दर्प येतो, डोळे चुरचुरतात, आणि रक्ती हगवण पिलांना गाठते. येथे गावरान आणि असीलच्या रक्ताचा संकर चांगला टिकतो. सुधारित जात ठेवायचीच असेल, तर जमिनीपासून दोन-तीन फूट उंचावर लाकडी फळ्यांचे वा जाळीच्या तळाचे खुराडे बांधावे. भातशेतीमुळे तूस येथे मुबलक आहे. ते पावसाळ्यापूर्वी भरून कोरड्या जागी ठेवावे, आठवड्यातून दोनदा खालीवर करावे, आणि थोडा विझलेला चुना मिसळावा. बुरशी लागलेला मका कोंबड्यांना घालू नये. त्यातील विष यकृतावर परिणाम करते आणि कारण लक्षात येईपर्यंत कळप खंगतो.

मालेगाव, नांदगाव, येवला, सिन्नरचा पूर्व भाग, येथे हलका देह हीच कसोटी. गावरान, कडकनाथ, ग्रामप्रिया, मिळाल्यास उघड्या मानेची. गिरिराज वा वनराज मांसासाठी हवी असेल तर पावसाळ्यात आणून उन्हाळ्यापूर्वी संपवावी. पत्र्याच्या छपरावर उसाचे पाचट वा कडबा पसरावा, खिडकीवर ओले गोणपाट टांगावे, पाण्याची मातीची भांडी सावलीत ठेवून दिवसातून तीनदा बदलावीत. एरवी कोंबडी खाद्याच्या दुप्पट पाणी पिते, उन्हाळ्यात तिप्पट-चौपट. खाद्य पहाटे आणि सूर्यास्तानंतर द्यावे. भर दुपारी पोटात गेलेले खाद्य पचताना अंगातील उष्णता आणखी वाढवते.

नाशिक शहर, दिंडोरी आणि निफाडच्या बागायती पट्ट्यात निवडीला सर्वाधिक वाव आहे. सात-आठ ग्रामप्रिया किंवा ऱ्होड आयलंड रेड आणि सोबत दोन गावरान कोंबड्या, असा कळप चौघांच्या कुटुंबाला पुरून उरतो. शहरात कोंबडा न ठेवलेलाच बरा. अंडी मिळण्यासाठी त्याची गरज नसते, गरज असते ती फक्त पिलांसाठी. आणि पहाटे चारला शेजाऱ्यांची झोप मोडल्यावर उरणारे संबंध अंड्यांनी सांधले जात नाहीत. महापालिका हद्दीतले नियम आधी विचारून घ्यावेत. निफाड-दिंडोरीत गारपिटीचाही विचार हवा. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये झालेल्या गारपिटीने द्राक्षबागा झोपवल्या होत्या. तशा माऱ्यात मोकळ्यावरची कोंबडी वाचत नाही. जवळच उसाचे शेत असेल, तर रात्री खुराडे जाड जाळीने आणि कडीकोयंड्याने बंद हवे. बिबट्याला कोंबडीचा वास कुत्र्याइतकाच ओढून आणतो.

रोग आणि लसीकरण

काटक जात म्हणजे लस नको, हा समज महागात पडतो. राणीखेत, ज्याला खेड्यात मानमोडी म्हणतात, तो गावरानाला आणि सुधारित जातीला सारखाच मारतो. पहिल्या आठवड्यात लासोटा, दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास गंबोरो, चौथ्या आठवड्यात पुन्हा लासोटा, सहाव्या आठवड्याच्या आसपास देवी आणि आठव्या-दहाव्या आठवड्यात राणीखेतची आर टू बी लस, हा सर्वसाधारण क्रम. नेमके वेळापत्रक पशुवैद्यकाकडून घ्यावे.

बर्ड फ्लूचा भारतातील पहिला उद्रेक फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे झाला, आणि २०२१ मध्ये तेथे तो पुन्हा आला. निफाड तालुक्यातील नांदूरमध्यमेश्वर हे स्थलांतरित पाणपक्ष्यांचे मोठे ठिकाण. २०२० मध्ये रामसर यादीत जाणारे ते राज्यातील पहिले पाणथळ क्षेत्र ठरले. पक्षीप्रेमींना अभिमान वाटावा असे हे स्थळ कोंबडीपालकाला मात्र जपून राहायला सांगते. हिवाळ्यात कोंबड्या तळ्याकाठी, कालव्यावर चरायला सोडू नयेत आणि त्यांचे पाणी रानपक्ष्यांना उघडे ठेवू नये. एकाएकी अनेक पक्षी मेल्यास ते उकिरड्यावर न टाकता पशुसंवर्धन विभागाला कळवावे.

पिले केव्हा आणावीत

एक दिवसाच्या पिलाला पहिल्या आठवड्यात पस्तीस अंशांच्या आसपास ऊब लागते. पुढे दर आठवड्याला ती तीनेक अंशांनी उतरवायची. डिसेंबरच्या नाशिकमध्ये हे दिव्याच्या उबेवर साधणे, त्यातही वीज गेली तर, नवख्याचे काम नाही. नवख्याने महिनाभराची, लसीकरण झालेली पिले घ्यावीत आणि लसींची नोंद मागावी.

नाशिक-निफाडकडे ती सप्टेंबरमध्ये आणावीत. पाऊस ओसरलेला असतो, थंडी पडेपर्यंत पिसे भरतात, आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये, दिवस मोठा होत असताना, तलंगा अंड्यावर येतात. नाशिकच्या अक्षांशावर डिसेंबरातला दिवस सुमारे अकरा तासांचा, जूनमधला सव्वातेरा तासांचा. कोंबडीला भरपूर अंडी देण्यासाठी चौदा-सोळा तास प्रकाश लागतो, म्हणून हिवाळ्यात अंडी घटली की घाबरून औषधे आणण्याऐवजी पहाटे दोन-तीन तास खुराड्यात दिवा लावून पाहावा. घाटमाथ्यावरही सप्टेंबरअखेरच योग्य. मालेगाव-नांदगावकडे मात्र जुलै बरा. तेथे पावसाचा त्रास नाही, आणि नोव्हेंबर-डिसेंबरात अंड्यावर आलेली कोंबडी उन्हाळा सुरू होईपर्यंत तीन-चार महिन्यांचे उत्पन्न देऊन मोकळी झालेली असते.